बुधवारचं बुकिंग मी करून टाकलंय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी निर्णय सांगते, मग काय रागवायचं ते रागवा. तुम्ही मेलबर्नला आलात की दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी ग्रेट ओशन रोडच्या दिवसभराच्या सहलीला जाताय. पैसे भरून झालेत. मी नाही, निखिल नाही, तुम्ही दोघंच.

आई, तू काय म्हणणार ते मला इथे बसून ऐकू येतंय. "आठव्या महिन्यात तुला टाकून मी समुद्र बघत फिरू?" टाकून नाही गं. निखिल त्या दिवशी घरूनच काम करणार आहे, हॉस्पिटल जवळ आहे, शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय. मी स्वतः आले असते, पण डॉक्टर दिवसभर गाडीत बसायला नको म्हणाल्या. आणि नंतर जाऊ म्हणशील, तर ते नंतर कधी येत नाही. बाळ आलं की तू स्वयंपाकघर आणि पाळणा सोडून हलणार नाहीस. वहिनीच्या वेळी पाहिलंय मी, साधी गच्चीवरसुद्धा गेली नव्हतीस. तुम्ही सातासमुद्रापलीकडे येताय ते माझं करायला, हे मनातून जातच नाही माझ्या. तेव्हा एक दिवस तरी तुमचा असू दे. तुम्ही दोघंच कुठे गेलात असं मला आठवत नाही. आजी होती, मग आम्ही दोघं, मग आजीचं अंथरूण. आणि दिवेआगरचं काय झालं ते बोलायलाच नको.

निखिल तुम्हाला न्यायला तयार होता, मीच नको म्हटलं. बाराएक तासांचा दिवस आहे, त्याने इतक्या लांब असणं मलाही नकोय. शिवाय घरचं माणूस गाडी चालवत असलं की बाबांचं लक्ष ब्रेकवर असतं, बाहेर नसतं. मोठी बस स्वस्त पडली असती, पण पन्नास माणसांच्या बसमध्ये आईच्या गुडघ्यासाठी कोण थांबणार? ही छोटी गाडी आहे, अकरा प्रवासी. चालक हाच वाटाड्या, तोच माहिती सांगतो, नावानिशी ओळखतो, उतरताना पायरी ठेवतो. गुडघ्याचं आणि शाकाहारी जेवणाचं मी कळवलंय. त्याचं इंग्रजी समजलं नाही तर "हळू बोला" म्हणायचं, संकोच करायचा नाही. बाबा, किती पडले ते मात्र विचारू नका.

बाबा, तुम्ही बांधकाम खात्यात जन्म काढलात, म्हणून तुम्हाला हा रस्ता दाखवायचाच होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो 1919 ते 1932 मध्ये बांधला, कुदळ-फावड्यानं, समुद्रावरच्या कड्याच्या पोटातून. जवळजवळ तीन हजार माणसं. न परतलेल्या सोबत्यांचं ते स्मारक आहे. टॉर्कीपासून सुमारे 240 किलोमीटर. सुरुवातीला टोल होता, 1936 मध्ये रस्ता सरकारकडे गेला तेव्हा तो सुटला. ईस्टर्न व्ह्यूला लाकडी कमान आहे, तिथे रस्ता खोदणाऱ्या सैनिकांचा पुतळा आहे. त्याच्याजवळ तुमचा फोटो हवाय मला. आईने काढायचा.

आणि आई, तुझ्यासाठी समुद्र. जाताना तो डाव्या हाताला राहतो, म्हणून डावीकडची पुढची खिडकी तुझी, बाबांना देऊ नकोस. केनेट रिव्हरला झाडांवर कोआला दिसतात. दिवसाचे 18-20 तास झोपतात, तेव्हा दिसला तर झोपलेलाच दिसेल. ऑट्वेच्या जंगलात डोक्यावरून जाणारे नेचे आहेत, लाकडी पायवाट आहे, बाबांचा हात धरून चाल. मग ट्वेल्व्ह अपॉसल्स, समुद्रात उभे राहिलेले चुनखडीचे सुळके. लाटा त्यांची मुळं खात असतात. जवळपास 50 मीटर उंच असा एक जुलै 2005 मध्ये बघता बघता कोसळला. बघण्याच्या सज्जापर्यंत सपाट रस्ता आहे, चढ-उतार नाही. गिब्सन स्टेप्सला मात्र उतरायचं नाही. कड्यात कोरलेल्या 86 पायऱ्या आहेत आणि उतरलेलं सगळं परत चढावं लागतं.

लॉक आर्ड गॉर्जला वाटाड्या गोष्ट सांगेल. 1878 मध्ये त्या नावाचं जहाज तिथे फुटलं. 54 जणांपैकी दोघंच वाचली, टॉम पीअर्स आणि ईव्हा कार्मायकेल, दोघंही कोवळ्या वयाची. टॉमने तिला लाटांतून ओढून काढलं. तिचे आईवडील आणि भावंडं गेली. तुझे डोळे भरणार, म्हणून आधीच सांगतेय.

लहानपणी समुद्रावर बाबा मला खांद्यावर घेऊन लाटांत उभे राहायचे आणि तू काठावर चपला, पिशव्या, माझे कपडे सांभाळत बसायचीस. तुझे पाय भिजलेले मला कधी आठवतच नाहीत. अपोलो बेला जेवायला थांबतात, वाळू रस्त्यापलीकडेच आहे. पिशवी बाबांकडे दे आणि घोट्याइतक्या पाण्यात जाऊन ये. घोट्याइतक्याच हं! त्याच्या पुढे नाही.

आता नीट ऐका. आईने निघण्याआधी गाडी लागण्याची गोळी घ्यायची, लॉर्नच्या पुढे वळणंच वळणं आहेत. आल्याच्या वड्या मी करून ठेवते. बाबा, साखरेच्या गोळ्या आणि दशम्या जवळच्या पिशवीत, मागे सामानात नाही. दोन खाण्यांमध्ये फार वेळ जाऊ द्यायचा नाही. पट्टा लावून बसायचं, इथे तो सक्तीचा आहे. वारा अंटार्क्टिकाकडून येतो, मार्चमध्येही बोचतो, तेव्हा कानटोपी आणि स्वेटर, आणि ऊन फसवं असतं म्हणून क्रीमही. लघवीला संकोच करून पाणी कमी पिऊ नका, थांबे आहेत. जंगलात फोनला रेंज जाते. तुमचा फोन लागला नाही तर मी घाबरणार नाही, माझा लागला नाही तर तुम्हीही घाबरायचं नाही. येताना गाडी आतल्या सरळ रस्त्याने येते, तेव्हा दोघांनी डोळे मिटायचे. रात्री निखिल घ्यायला उभा असेल, मऊ खिचडी तयार असेल.

मन मानत नसेल तर दर थांब्यावर फोन कर, आई. मी उचलेन. पण "रद्द कर" म्हणायला करू नका, ते होणार नाही. त्याऐवजी उद्याच फोन करून तुझ्या गुडघ्याच्या पट्ट्याचं माप सांग, तो इथून नवा घेऊन ठेवते. जुना पार सैल झालाय, व्हिडिओवर दिसतो मला.

तुमची,
मनू