इंधन वितळलं, पण बाहेर नक्की काय आलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अणुभट्टीच्या अपघातांवरचा तुमचा लेख वाचला, चांगला होता, पण "इंधन वितळलं आणि रेडिएशन पसरलं" एवढ्यावर सगळं गुंडाळलंय ते खटकलं म्हणून लिहितोय. इंधनातलं सगळं एकदम आणि सारखं बाहेर येत नाही हो. थंड ठेवणारं पाणी संपलं की इंधन तापत जातं, साधारण ८००-९०० अंशाला इंधन ज्यात भरलेलं असतं ती झिर्कोनियम धातूची नळी फुगून फाटते आणि आत साठलेला झेनॉन, क्रिप्टॉन हा वायू आधी निसटतो, मग १२०० च्या पुढे तीच नळी वाफेशी रिअॅक्शन करून आणखी उष्णता सोडते आणि हायड्रोजन तयार करते, २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या इमारतींमधले स्फोट याच हायड्रोजनचे. तापमान असंच चढत राहिलं की आयोडीन, सीझियम, टेल्युरियम इंधनाच्या गोळ्यांतून भराभर निघतात. स्ट्रॉन्शियम त्यामानाने कमी, प्लुटोनियम अगदीच थोडं. रुथेनियमची गोष्ट मात्र वेगळी, वाफेत ते फारसं हलत नाही पण तापलेल्या इंधनाला हवा लागली की ऑक्साइड होऊन उडतं. फ्रान्समध्ये कादाराशच्या अणुसंशोधन केंद्रात 'फेबस' नावाच्या प्रयोगांत वापरलेलं इंधन मुद्दाम वितळवून हे सगळं तपासलंय, म्हणजे नुसता कागदावरचा हिशोब नाहीये.

आणि इंधनातून निघालं म्हणजे गावात पोचलं असंही नाही. १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत जवळपास निम्मा कोअर, म्हणजे इंधन असलेला गाभा, वितळला तरी बाहेर मुख्यतः झेनॉन-क्रिप्टॉनच गेले, आयोडीन जेमतेम, कारण ते पाण्यात विरघळलं आणि काँक्रीटचं कंटेनमेंट, म्हणजे अणुभट्टीभोवतीचं बंदिस्त कवच, शाबूत राहिलं. १९८६ ला चेर्नोबिलला तसं कंटेनमेंटच नव्हतं, त्यात भट्टीतलं ग्राफाइट कित्येक दिवस जळत राहिलं, त्यामुळे कोअरमधलं निम्म्याच्या आसपास आयोडीन आणि साधारण एक तृतीयांश सीझियम हवेत गेलं. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य (म्हणजे निम्मं होऊन जायला लागणारा काळ) फक्त ८ दिवसांचं, पण तेवढ्यात ते गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून पोरांच्या थायरॉइडमध्ये गेलं, ते दूध वेळीच बंद केलं असतं तर कितीतरी मुलं कॅन्सरपासून वाचली असती, हे वाचताना आजही राग येतो. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांचं, ते मातीला धरून बसतं आणि थायरॉइड वाचवायला देतात त्या आयोडीनच्या गोळीचा त्यावर काहीही उपयोग नाही.

म्हणून विनंती आहे की यापुढे अशी बातमी देताना कोणतं मूलद्रव्य बाहेर आलं, कंटेनमेंट टिकलं का, आणि आतला दाब कमी करायला वाफ सोडली असेल तर फिल्टरमधून सोडली की थेट, एवढं तरी अधिकाऱ्यांना विचारून छापा. गोळी घ्यायची, दूध थांबवायचं की घर सोडायचं, हे लोकांना त्यावरूनच ठरवता येतं.

आपला,
एक नियमित वाचक