पाणवेली उन्हाच्या नव्हेत, नत्राच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या अंकात गोदापात्रातल्या पाणवेलींचा, म्हणजे जलपर्णीचा, फोटो होता. खाली ओळ होती, 'उन्हाचा तडाखा वाढल्याने पाणवेली फोफावल्या'. निफाड तालुक्यात तीस वर्षं द्राक्षबाग करतोय, ही ओळ काही पचली नाही. नुसत्या उन्हाने पाला वाढत असता तर आम्ही खताच्या दुकानात उधारी कशाला केली असती?

माझी पुतणी रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकते. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा ओहोटीला तिने खडकावरचं हिरवं समुद्री शेवाळ दाखवलं. उल्वा म्हणतात त्याला. येवल्याच्या पतंगाच्या कागदासारखं पातळ, अवघ्या दोन पेशींच्या जाडीचं. अन्न अख्ख्या अंगाने शोषतं. "काका, हे म्हणजे नुसता पाला," ती म्हणाली. मला आमची खरड छाटणीनंतरची, म्हणजे उन्हाळ्यात वेली छाटून नवी फूट काढतो तेव्हाची, बागच आठवली. तेव्हा नत्र जास्त झालं की शेंडा पळत सुटतो आणि काडीत घड धरत नाही. उल्वाला घड धरायचाच नसतो, त्यामुळे मिळालेलं सगळं नत्र पाल्यात जातं. त्यातही नायट्रेट आणि अमोनिया या नत्राच्या दोन रूपांपैकी अमोनिया ते लवकर उचलतं. अमोनिया म्हणजे मुख्यतः सांडपाणी, हे वेगळं सांगायला नको.

याच उल्वाच्या एका नळीदार भाऊबंदाने २००८ साली चीनमध्ये छिंगदाओचा किनारा झाकून टाकला होता. ऑलिंपिकच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती तोंडावर आलेल्या. दहा हजारांवर माणसं, त्यात सैनिकही, उपसायला उतरली आणि सुमारे दहा लाख टन शेवाळ निघालं. ते उगवलं होतं मात्र दक्षिणेला, च्यांग्सू प्रांताच्या किनाऱ्यालगत. तिथे समुद्रात दोर बांधून खाण्याच्या शेवाळाची शेती करतात. एप्रिल-मेमध्ये हंगाम संपला की दोरांवर चिकटलेलं हे हिरवं तण खरवडून पाण्यातच सोडतात. (आमच्या खरड छाटणीचाही तोच महिना. बांधावर काड्या फेकणाऱ्याने त्यांना हसू नये.) नळीत वायू साठतो म्हणून ते तरंगतं, गढूळ पाण्यातही वर राहून प्रकाश मिळवतं, आणि वाऱ्या-प्रवाहाबरोबर उत्तरेला जातं. वाटेत नत्र भरपूर असलं तर दिवसाला दहा टक्क्यांहून जास्त वाढतं, म्हणजे आठवड्यात दुप्पट.

आता उन्हाचं. या शेवाळाला साधारण १५ ते २५ अंशांचं पाणी मानवतं. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र त्याहून तापला की ते कुजायला लागतं. म्हणजे ऊन त्याला वाढवतं तसं संपवतंही. खारेपणा कमी-जास्त झाल्याचं त्याला फारसं वावडं नाही, खाडीच्या मचूळ पाण्यातही तगतं. प्रकाश, तापमान, वारा, प्रवाह यांतलं काहीच माणसाच्या हातात नाही. नत्र तेवढं आहे. २००८ नंतरही ते जवळपास दरवर्षी परत येतंय, कारण उपसलं ते शेवाळ, नत्र तिथेच राहिलं.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर डुकरांच्या आणि दुधाच्या मोठ्या फार्मांचं नायट्रेट नद्यांतून समुद्रात जातं आणि तिथेही हेच होतं. कुजणाऱ्या ढिगातून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूने २००९ मध्ये एक घोडा मेला, स्वार बेशुद्ध पडला.

पाणवेल शेवाळ नव्हे, गोड्या पाण्यातलं फुलझाड आहे, हे मान्य. पण भूक तीच. नाशिकपासून अरबी समुद्र जवळ असला तरी आपलं पाणी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागराला जातं, आणि त्यातलं नत्र वाटेत आधी आमच्याच तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला थबकतं. पक्षी बघायला येणाऱ्यांना तिथे पाण्याऐवजी हिरवी सतरंजी दिसते. त्यात शहराच्या नाल्यांबरोबर आमच्या बागांमधून पाझरणाऱ्या खताचाही वाटा आहे, हे मी बागायतदार असूनच लिहितोय. देठ परीक्षण करून, म्हणजे पानाच्या देठातलं अन्न प्रयोगशाळेत तपासून, खताची मात्रा ठरवणारे आमच्यात अजून थोडेच. बाकीचे शेजाऱ्याच्या बागेकडे बघून गोणी फोडतात.

२०२७ च्या सिंहस्थासाठी पात्र साफ होईल, त्याचे फोटोही येतील. माझी विनंती एवढीच, पावसाळ्यात आपण धरणसाठ्याची चौकट छापता, तिच्याशेजारी रामकुंडाच्या वर, रामकुंडाच्या खाली आणि नांदूरमध्यमेश्वरला पाण्यात नायट्रेट आणि अमोनिया किती, हे तीन आकडे महिन्यातून एकदा छापा. तेवढी जागा पाणवेलीच्या फोटोपेक्षा कमीच लागेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक