वेशीवरचा दगड

शेफील्ड, २७ ऑगस्ट

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगायचीस ना, तुझ्या आजीच्या लहानपणी उंदीर पडायला लागले की अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहायचं? काल मी ज्या गावाला गेले होते, तिथली माणसं प्लेग आला तरी गाव सोडून गेली नाहीत.

गावाचं नाव ईम. १६६५ च्या सप्टेंबरात इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. त्यातल्या पिसवांनी रोग आणला असं गाव मानतं. पहिला गेला तो शिंप्याच्या हाताखालचा जॉर्ज विकर्स. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी लोकांना पटवलं की कोणी वेशीबाहेर जायचं नाही, म्हणजे शेजारची गावं वाचतील. त्यांच्या जोडीला उभे राहिले थॉमस स्टॅनली. धर्माच्या वादात याच चर्चमधून काढलेले जुने पाद्री!

वेशीवरचा दगड पाहिला. त्याला सहा खळगे आहेत. नाण्यांवरून रोग पसरू नये म्हणून त्यांत व्हिनेगर ओतून लोक नाणी ठेवायचे आणि बाहेरच्यांनी ठेवलेलं धान्य उचलायचे. मी एका खळग्यात बोट घालून पाहिलं.

एलिझाबेथ हँकॉकचा नवरा आणि सहा मुलं आठ दिवसांत गेली. तिने एकटीने सगळ्यांना पुरलं. शेतात गोल दगडी कुंपणाच्या आत ती थडगी आहेत. मला तिथून हलवेना गं. मॉम्पेसनांची बायको कॅथरिनही १६६६ च्या ऑगस्टमध्ये गेली. गाव एकूण २६० मृत्यू मोजतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या सगळ्यांसाठी प्रार्थना होते. त्याच सुमारास गावातल्या विहिरी सजवतात. लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तिच्यात फुलांच्या पाकळ्या दाबत चित्र भरतात. गेल्या आठवड्यात मलाही बसू दिलं. मी वरून सुरुवात केली, तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरून खाली नेला. पाकळ्या खालून वर, कौलांसारख्या एकीवर एक चढवायच्या, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. तुझी रांगोळी आठवली. शेजारी बसून तूही अशीच माझा हात धरायचीस.

ईममधल्या जुन्या घरांवर पाट्या आहेत. त्या घरातलं कोण कोण गेलं, त्यांची नावं त्यांवर लिहिली आहेत. आपल्या घरातलं आपल्याकडच्या प्लेगात कोण गेलं, ते तू कधी सांगितलं नाहीस. रविवारी फोन करीन, तेव्हा आठवतील तेवढी नावं सांग. मी वही घेऊन बसेन.

तुझी,
मनू