‘जातील कुठं?’ : पंतप्रधान किअर स्टार्मर यांना खुलं पत्र

लेस्टर, 7 डिसेंबर 2025

सर किअर स्टार्मर यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्ही ते वाचणार नाही हे उघडच आहे. पण मला जे सांगायचंय त्याची सुरुवातच एका मराठी शब्दात आहे, त्याला इलाज नाही. आमची वर्तमानपत्रं तुमच्या पक्षाला पूर्वीपासून मजूर पक्ष म्हणत आली आणि समोरच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना हुजूर पक्ष. कुणा उपसंपादकाला हे सुचलं कोण जाणे, पण तुमच्या देशाचं अख्खं राजकारण त्यानं दोन शब्दांत बसवलं. लेबर म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच येत नाही. मजूर म्हटलं की माणूस येतो. माझ्यापुरते वडीलच येतात. लालबागच्या चाळीतून पहिल्या पाळीला निघालेले, हातात डबा, भोंगा व्हायच्या आत गेट गाठायची घाई. ते साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि नंतर ते गिरणीत परत गेलेच नाहीत.

मी लेस्टरला आलो तेव्हा हे गावही एके काळी होजिअरीवर जगत होतं हे कळलं, आणि उगाचच घरी आल्यासारखं वाटलं. पासपोर्ट माझा अजून भारताचाच आहे. तरी इथल्या संसदेच्या निवडणुकीत मी मत देतो, कारण इथं राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तो हक्क आहे. मुंबईला हे सांगितलं की लोकांना थाप वाटते.

2015 साली तीन पौंड भरून मी पक्षाच्या नेतेपदासाठी डाव्या जेरेमी कॉर्बिनना मत दिलं, मग रीतसर सभासद झालो. तेव्हापासून 2024 पर्यंत प्रत्येक निवडणुकीत मी तुमच्या पक्षासाठी दारोदार फिरलो आहे. कशी असते ती फिरती, हे इथल्या मराठी वाचकांनाही फारसं माहीत नसतं, म्हणून सांगतो. इथं कर्णे नाहीत, टेम्पो नाहीत, चौकसभा जवळपास नाहीत. पाच-सहा जण, एकाच्या हातात मतदार यादीचा बोर्ड, बाकीच्यांनी घंटी वाजवायची आणि मिळालेलं उत्तर एका अक्षरात त्याला सांगायचं. ‘एल’ म्हणजे आपला, ‘टी’ म्हणजे टोरी, म्हणजेच हुजूर, ‘ए’ म्हणजे विरोधात. दार उघडलं नाही तर पत्रक आत सरकवायचं. इथल्या दारांच्या पत्रपेटीला ब्रशासारखे ताठ केस असतात, पलीकडे कुत्रं असतं आणि बोटं आपली असतात. म्हणून जुने कार्यकर्ते खिशात लाकडी चमचा ठेवतात. मी घरचा लाकडी कालथा न्यायचो. पत्रक घडी करून त्याच्यावर ठेवायचं आणि अलगद आत ढकलायचं, थालीपीठ तव्यावर सोडतात तसं. बायको म्हणायची, एवढ्या निगुतीनं घरात कधी काही केलं नाहीत.

मतदानाच्या दिवशी हेच ‘एल’ कामाला येतात. संध्याकाळी फक्त त्यांच्याच दारांवर जायचं: मत दिलंत का, दहापर्यंत केंद्र उघडं आहे. ज्यानं ‘अजून ठरवलं नाही, पण एक विचारायचंय’ म्हटलं, त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. ही पद्धत तुमच्या पक्षानंच काढली असं नाही, सगळेच तसं करतात. पण 2024 मध्ये मला पहिल्यांदा वाटलं की नुसती फेरीच नाही, पक्षाचं अख्खं धोरणच त्या बोर्डासारखं झालंय. जो आपला आहे त्याच्याशी बोलायची गरज नाही. तो जाणार कुठं?

जून 2024 मधली एक बाई मला आठवते. तिसरं मूल कडेवर, मागे टीव्हीचा आवाज. तिनं एकच विचारलं: दोन मुलांची अट काढणार का? ही अट हुजूर पक्षानं आणलेली. एप्रिल 2017 नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलाला अनुदान नाही, मग घरात कितीही ओढाताण असो. आम्हाला पढवलेलं उत्तर होतं की देशाच्या तिजोरीची परिस्थिती सुधारली की काढू. मी ते म्हटलं. तिनं मान हलवली. बोर्डवाल्याला मी सांगितलं, ‘एल’.

23 जुलैला, सत्तेवर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, ती अट काढायच्या बाजूनं मत दिलं म्हणून तुम्ही सात खासदारांना सहा महिन्यांसाठी संसदीय गटाबाहेर काढलंत. जॉन मॅकडोनल, झारा सुल्ताना, रिबेका लाँग-बेली, रिचर्ड बर्गन आणि आणखी तिघं. त्याच महिन्याच्या शेवटी अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी म्हाताऱ्यांचा थंडीचा इंधन भत्ता बहुतेकांसाठी बंद केला. पुढच्या जूनमध्ये तो बऱ्याच जणांना परत द्यावा लागला. मग अपंगांच्या भत्त्यात कपात आणलीत आणि जुलै 2025 मध्ये तुमच्याच बाकांवरून बंड झालं तेव्हा ऐन चर्चेत तरतूद मागे घेतलीत. आणि आता, 26 नोव्हेंबरच्या अंदाजपत्रकात, दोन मुलांची अटही जाणार असं जाहीर झालं, एप्रिल 2026 पासून. साडेचार लाख मुलं त्यामुळे गरिबीतून बाहेर येतील असं सरकारच म्हणतं.

मला याचा आनंद आहे, अगदी मनापासून. पण जी गोष्ट साडेचार लाख मुलांना बाहेर काढते, तिच्यासाठी मत देणं सोळा महिन्यांपूर्वी शिस्तभंग कसं होतं? त्या सोळा महिन्यांत त्या बाईच्या घरात काय शिजलं असेल, याचा हिशेब मी करत नाही. तुमच्या हाताखाली करायला माणसं आहेत.

आता आकडे, कारण ‘आम्ही जिंकलो’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. 2017 मध्ये कॉर्बिनना 1 कोटी 28 लाख मतं पडली आणि ते हरले. 2019 मध्ये 1 कोटी 2 लाख पडली आणि धूळधाण झाली, 202 जागा. तो पराभव आमचाही होता, मी तो झटकत नाही. ब्रेक्झिटवर आमचं धड हो नव्हतं, धड नाही नव्हतं. आणि ज्यूद्वेषाच्या तक्रारी पक्षानं ज्या रीतीनं हाताळल्या त्याबद्दल मानवी हक्क आयोगाचा 2020 चा अहवाल वाचून मान खाली गेली. पण तुम्हाला 2024 मध्ये मिळाली 97 लाख. धूळधाणीपेक्षाही कमी. मतांचा वाटा 33.7 टक्के, जागा 411. दर तीन मतांतलं एक तुमचं आणि दर तीन जागांतल्या जवळजवळ दोन तुमच्या. मतदान साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं. याला लाट म्हणायचं असेल तर म्हणा. लेस्टरला समुद्र नाही, आम्हाला लाटांतलं कळत नाही.

लेस्टरचं मात्र कळतं. त्या रात्री देशभर हुजूर पक्ष कोसळत होता आणि त्यानं एकच जागा नव्यानं जिंकली, ती आमची लेस्टर पूर्व. 1987 पासून मजूर पक्षाकडे असलेली. तुमचे उमेदवार, मूळचे इंदूरचे राजेश अग्रवाल, लंडनचं उपमहापौरपद सोडून आले होते. समोर दोन माजी मजूर खासदार वेगवेगळे उभे: क्लॉडिया वेब आणि मूळ गोव्याच्या घरातले कीथ वाझ. तिघांत मतं वाटली गेली आणि शिवानी राजा निवडून आल्या. शेजारच्या लेस्टर दक्षिणमध्ये तुमचे जोनाथन ॲशवर्थ 979 मतांनी अपक्ष शौकत ॲडम यांच्याकडून हरले. गाझावर. ऑक्टोबर 2023 मध्ये गाझाचं पाणी आणि वीज तोडण्याबद्दल, इस्रायलला तो हक्क आहे असं तुम्ही रेडिओवर जे उत्तर दिलंत, त्याचा खुलासा तुम्ही नंतर केलात, पण तो दारांपर्यंत पोचला नाही. मी गेलो होतो त्या दारांवर. यंदा सप्टेंबरमध्ये तुम्ही पॅलेस्टाइनला मान्यता दिलीत. तेही, नेहमीसारखं, नंतर.

तुमचे सल्लागार म्हणत असतील की डाव्यांची तक्रार कायमचीच, शेवटी मतं आपल्यालाच देतात. हे गणित जुनं आहे. 1974 मध्ये याच गावात इम्पीरियल टाइपरायटरच्या कारखान्यात आशियाई कामगारांनी बोनस आणि भेदभावावरून संप केला, तेव्हा त्यांच्याच युनियनच्या स्थानिक पुढाऱ्यांनी पाठ फिरवली. तरीही ती माणसं आणि त्यांची मुलं पुढे कित्येक वर्षं मजूर पक्षालाच मत देत राहिली. तेव्हा दुसरीकडे जायला खरंच जागा नव्हती.

आता आहे. आणि दोन्ही बाजूंना आहे. ग्रीन पक्षाच्या नेतेपदी झॅक पोलान्स्की आल्यापासून सभासदांची रीघ लागली आहे. माझ्या फेरीतले दोघं तिकडे गेले. कॉर्बिन आणि सुल्ताना यांचा नवा पक्ष गेल्याच आठवड्यात लिव्हरपूलला रीतसर स्थापन झाला, जरी नाव ठरवण्यापासून त्यांची आपसांत जी धुसफूस चालली आहे ती पाहून आम्हा डाव्यांची खोड जगभर सारखीच असल्याचं समाधान मिळतं. वेल्समध्ये केर्फिलीत शतकभर तुमची सत्ता होती. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत तुम्ही तिसरे आलात, 11 टक्के. तिथं वेल्सच्या राष्ट्रवादी प्लाइड कम्री पक्षानं नायजेल फराज यांच्या उजव्या रिफॉर्म पक्षाला रोखलं. इंग्लंडमधल्या रंकॉर्नमध्ये रोखायला कुणी नव्हतं, तर मे महिन्यात रिफॉर्म सहा मतांनी जिंकलं. सहा! दादाभाई नौरोजी 1892 मध्ये पाच मतांनी जिंकले होते, त्याच्या खालोखाल. एवढ्या फरकात एखाद्या गल्लीतली न वाजवलेली घंटीसुद्धा येते.

इथं मला लालबागचं सांगायलाच हवं. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा 1970 मध्ये खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. गिरणगाव लाल बावट्याचं, त्यामुळे जागा हातची जाणार नाही असं आमच्या चाळीतल्या जाणत्यांना वाटत होतं. निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक, सेनेचे पहिले आमदार. वडील सांगायचे, युनियन गेटवर होती, पण चाळीच्या जिन्यावर, गणपतीत, मयताला, पोराला नोकरी लावायला दुसरे लोक येत होते. बारा वर्षांनी संपात जेव्हा गेटच बंद झालं, तेव्हा लाल बावट्याकडे चाळीत जायला वाट उरली नव्हती. मी शिवसेना आणि रिफॉर्म एकच म्हणत नाही. माणसं वेगळी, देश वेगळा. जिना मात्र तसाच रिकामा आहे. लेस्टरशायर काउंटीत मे महिन्यात रिफॉर्म सर्वांत मोठा पक्ष झाला आणि आज कारभार त्यांच्याकडे आहे. ही काउंटी माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर सुरू होते.

आणि तुम्ही काय केलंत? त्यांचेच शब्द उचललेत. 12 मे रोजी ‘अनोळखी माणसांचं बेट’ म्हणालात, जूनमध्ये त्याचा खेद वाटतो म्हणालात. जुलैपासून परदेशातून सेवा-शुश्रूषेसाठी माणसं आणणं बंद. नोव्हेंबरमध्ये कायम वास्तव्याची अट पाच वर्षांवरून सर्वसाधारणपणे दहा वर्षं आणि केअर कामगारांना पंधरा, असा प्रस्ताव. आमच्या गल्लीत कोल्हापूरकडची एक मुलगी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. तिनं पाच वर्षं मोजायला भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं. तिच्याकडेही भारताचा पासपोर्ट आहे, आणि मतदान केंद्रावर ओळख म्हणून तो चालतो. तुमच्या बोर्डावर तिचं नाव आहे. तिच्यापुढे आता काय लिहाल?

मागणी माझी एकच आहे, आणि ती नवी नाही. सोळाव्या वर्षी मताधिकार, बँकेचं कार्ड ओळख म्हणून मान्य, देणग्यांवर जरा लगाम, असं सगळं तुम्ही जुलैमध्ये जाहीर केलंत. चांगलं केलंत, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, ती पुढच्या निवडणुकीत मत देईल. पण त्याच विधेयकात प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, घ्या. 2022 मध्ये लिव्हरपूलच्या अधिवेशनात तुमच्याच पक्षानं तसा ठराव मंजूर केला आहे. तुम्ही तो बाजूला ठेवलात, कारण एक मत जास्त तो निवडून, या पद्धतीनं तुम्हाला एक तृतीयांश मतांत 411 जागा मिळणार होत्या. मिळाल्या. आज जनमत चाचण्यांत तीस टक्क्यांच्या आसपास कोण आहे ते तुम्ही रोज पाहत असाल. यंत्राला मजूर कोण, हुजूर कोण आणि फराज कोण, ते कळत नाही.

शिवाय ‘जातील कुठं’ हे गणित याच यंत्रावर चालतं. मत फुकट जाईल या भीतीनं माणूस नाइलाजानं तुमच्याकडे येतो, आणि नाइलाजानं आलेल्याला उत्तर देण्याची गरज तुम्हाला वाटत नाही. रेल्वे सार्वजनिक मालकीत परत येते आहे, भाडेकरूंचा कायदा झाला, ही कामं तुमचीच आणि ती मी दारावर अभिमानानं सांगितली असती. पण कामगार हक्कांच्या विधेयकात पहिल्या दिवसापासून नोकरीचं संरक्षण द्यायचं वचन होतं, दहा दिवसांपूर्वी ते ‘सहा महिन्यांनंतर’ असं झालं. गोदामात माझ्याबरोबरच्या पोरांना हे कसं समजावू? त्यांतले बरेच जण सहा महिने टिकतच नाहीत.

शनिवारी सकाळी दहाला फेरी आहे, असा निरोप शाखेतून अजून येतो. माझं नाव यादीतून काढायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या तीन मुलांच्या बाईची गल्ली माझ्या वाटेवर आहे, एप्रिलनंतर एकदा जाणार आहे. पत्रक नेणार नाही. अट निघाली, पैसे आले का, एवढंच विचारून येईन.

कळावे,
लेस्टरचा एक मतदार, मूळ मुक्काम लालबाग

ता. क. ओळखपत्रांची यादी एकदा नीट बघा. साठीवरच्या माणसाचा बसपास मतदान केंद्रावर चालतो, तरुणांचं रेल्वे कार्ड चालत नाही. दोन्हींवर फोटो असतो. मुलगी विचारते, असं का. बँकेचं कार्ड येईपर्यंत काय सांगू?