सुतारकाका, आईची सुरी परत तिच्या हातात आली

सुतारकाका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी सुरी घेऊन घाईत निघाले आणि तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

सुरी आईची, १९८४ साली संसार मांडला तेव्हाची. साध्या पोलादाची, ओली ठेवली की लगेच डाग धरणारी. पण पिकलेला टोमॅटोसुद्धा न दबता चिरेल अशी धार. मूठ मात्र गेली होती. एका बाजूची पट्टी उभी तडकलेली, तिला आईनं सुतळी गुंडाळलेली. दोन दुकानांत दाखवली, दोन्हीकडे "नवीन घ्या ना ताई" एवढंच ऐकून आले.

तुम्ही सुरी हातात घेतलीत, उलटसुलट करून पाहिलीत आणि विचारलंत, "वापरणारं माणूस डावखुरं आहे का?"

मुठीच्या उजव्या अंगाला आईच्या अंगठ्यानं चाळीस वर्षांत पाडलेला खळगा तुम्ही मला बोट ठेवून दाखवलात. ती सुरी मी लहानपणापासून बघतेय. मला तो कधी दिसला नव्हता.

मग तुम्ही रिवेटची डोकी कानशीनं घासून काढलीत आणि पट्ट्या सुट्या केल्यात. आत गंजाचे पापुद्रे निघाले. पाणी आत मुरतं, लोखंड गंजतं, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि लाकूड आतून फोडतो, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की तेव्हापासून सुरी पाण्यात भिजत ठेवायची आमची सवयच मोडली. गंज काढायला मशीन लावा म्हटलं, तर तुम्ही मान हलवलीत. पातं तापलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग धार टिकत नाही. पॉलिश पेपरनं हातानंच घासत बसलात, आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०.

लाकूड घेतलंत ते जुन्या पलंगाच्या शिसवी खुराचं. नवं लाकूड वाळताना आक्रसतं, हे वाळून कधीच स्थिरावलंय, म्हणालात. पितळी रिवेट बोहरी आळीतून स्वतः जाऊन आणलेत. पट्ट्यांना आतून एरल्डाइट लावून रात्रभर शिकंज्यात धरलंत, म्हणजे पाण्याला फटच उरली नाही. रिवेट ठोकताना हातोडीचे घाव इतके हलके, की समोर बसून मला जेमतेम ऐकू येत होते.

आणि मूठ घडवायच्या आधी तुम्ही जुनी मूठ कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेतलीत, खळग्यासकट. आईची बोटं संधिवातानं आखडलीत हे मी सहज बोलून गेले होते. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. खळगा तिथेच, पण मूठ बोटभर जाड. मी हे मागितलं नव्हतं, मला सुचलंही नसतं. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन हात, रोज एक. घाई केली असतीत तर मी समजून घेतलं असतं, काका. तुम्ही केली नाहीत.

पुडीत बांधून दिलेले जुने तीन रिवेट आईनं शिवणाच्या डब्यात जपून ठेवलेत. सुरी हातात घेतल्यावर ती काही बोलली नाही, फक्त अंगठा जागेवर टेकवून बघितला. काल मेथीच्या दोन जुड्या चिरल्या तिनं. मध्ये एकदाही हात झटकायला थांबली नाही.