‘तज्ज्ञांची मदत घ्यावी’ म्हणजे नेमकं काय करावं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतले मनःस्वास्थ्यावरचे लेख मी नेमाने वाचते. लेख चांगले असतात. माझी तक्रार त्यांच्या शेवटच्या ओळीबद्दल आहे: ‘गरज वाटल्यास तज्ज्ञांची मदत घ्यावी.’ ही ओळ लिहायला फार वेळ लागत नसेल. मला ती अमलात आणायला सात महिने लागले. शिवाय त्यातली खरी खटपट माझी नव्हतीच, माझ्या नणंदेची होती.

तीन वर्षांपूर्वी माझे पती घरात, माझ्या डोळ्यांदेखत गेले. वय ४९. हृदय अचानक बंद पडलं. रुग्णवाहिकेसाठी फोन केला, तर तिथल्या मुलीने मला छाती दाबायला सांगितलं आणि ती माझ्याबरोबर मोठ्याने आकडे मोजत राहिली. तीस झाले की पुन्हा एकपासून. रुग्णवाहिका यायला अकरा मिनिटं लागली. मध्येच कधीतरी माझ्या तळहाताखाली कट्‌कन काहीतरी वाजलं. मी थांबले नाही. पण पुढे कितीतरी महिने जिना चढताना तिसाव्या पायरीला माझा पाय अडायचा. मी हिशेब तपासण्याचं काम करते. आकड्यांशी माझं आयुष्यभर चांगलं जमलेलं. आता तीस हा आकडा नुसता दिसला तरी हात गार पडायचे.

लोक वाईट नव्हते. ‘काही लागलं तर हक्काने सांग’ असं निदान पन्नासएक जण तरी म्हणाले असतील. पण काय लागतंय हे कळण्याइतकी शुद्ध असती, तर बहुतेक काही लागलंच नसतं. बँकेचे कागद, विम्याचे कागद, मुलाची शाळा ही कामं मी यंत्रासारखी उरकत होते. त्यामुळे ‘ती सावरली’ असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

झोप येत नाही म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. तीन मिनिटांत झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, ‘काळ हेच औषध’ हे वाक्यही मिळालं. गोळीने झोप यायची आणि जाग आली की तोच आवाज पुन्हा असायचा, फक्त दुपारपर्यंत लांबलेला. नंतर वाचनात आलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच या बाबतीत मार्गदर्शन दिलं आहे. ज्याला निराळा मानसिक आजार नाही, त्याला केवळ माणूस गेल्याच्या दुःखासाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या (झोपेसाठी किंवा चिंता कमी करायला देतात त्या) गोळ्या देऊ नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्याच मार्गदर्शनात असंही आहे की प्रत्येक शोकग्रस्त माणसाला सरसकट मानसोपचार द्यायची गरज नसते. ते मला पटतं. माझ्या सासूबाईंना त्यांच्या मैत्रिणी आणि त्यांचं बोलणं पुरलं. मला पुरलं नाही, आणि दोघींचंही दुःख खरंच होतं.

शेवटी मी स्वतः शोधायला बसले. एका ठिकाणचा अर्ज उघडला. नाव, वय, मग ‘वैवाहिक स्थिती’. खाली चार पर्याय. त्यातल्या एकावर खूण करायची होती. मी वीस मिनिटं त्या चार शब्दांकडे पाहत बसले आणि लॅपटॉप मिटला. पुढची ओळ, ‘समस्या थोडक्यात लिहा’, त्या दिवशी माझ्यापुढे आलीच नाही. ती मला माहीत आहे, कारण पुढे नणंदेने तो अर्ज भरला.

नणंदेने काय केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या पत्राचा मुद्दा तोच आहे. तिचाही सख्खा भाऊच गेला होता. एका रविवारी ती वही घेऊन आली. ‘तू काही बोलू नकोस, फक्त इथे बस,’ म्हणाली. वहीत तिने उभ्या रेघा मारल्या: नाव, फोन, कोण आहे, काय विचारलं, काय म्हणाले. अकरा फोन केले. चार उचललेच गेले नाहीत. दोन ठिकाणी दीड महिन्यानंतरची वेळ मिळत होती. एका ठिकाणी फक्त विवाहपूर्व मार्गदर्शन होतं. ते ऐकून आम्ही दोघी कित्येक आठवड्यांनी हसलो. उरलेल्यांपैकी तिघांना तिने एकच प्रश्न विचारला: ‘अचानक आणि समोर झालेल्या मृत्यूनंतरच्या माणसांबरोबर तुम्ही काम केलंय का, आणि केलं असेल तर नेमकं काय करता?’ त्यातल्या दोघांनी पहिल्या भागाला ‘हो’ म्हटलं आणि दुसऱ्या भागावर घुटमळले. तिसऱ्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. ‘चार-पाच भेटींत फरक वाटला नाही तर मीच तुम्हाला दुसरीकडे पाठवीन,’ असंही आपणहून म्हणाल्या. नणंदेने त्या नावाभोवती गोल केला.

अकराव्या फोनवरचे गृहस्थ जवळ होते, म्हणून त्या बाईंकडे जाण्याआधी मी एकदा त्यांच्याकडे जाऊन आले. भले माणूस. त्यांनी पतींच्या आठवणी विचारल्या, फोटो आणायला सांगितले, पत्र लिहायला सांगितलं. मला काहीच जमेना. डोळे मिटले की मला पती दिसत नव्हते, गालिचा दिसत होता. तिथल्या उजव्या कोपऱ्यातला सुटलेला धागा. हा फरक तेव्हा मला सांगता आला नाही, आज सांगता येतो. दुःख माणसाकडे ओढतं आणि आघात त्या प्रसंगाकडे. दोन्ही एकदम आले की आघात दारातच आडवा पडतो आणि त्याला ओलांडून माणसापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून ‘समुपदेशन घेतलं, उपयोग झाला नाही’ असं कुणी सांगितलं की मी आता विचारते, कशासाठीचं घेतलंत?

गोल केलेल्या बाई चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत्या. औषधांचा निर्णय मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर घेतात, आपण नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. गरज वाटली तर तिकडेही पाठवीन म्हणाल्या. आघातावरच्या उपचारांचे दोन मार्ग त्यांनी समजावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात या दोन्हींची शिफारस आहे. एक डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने करायचा ईएमडीआर, आणि दुसरा आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारी पद्धत (सीबीटी). आम्ही दुसरा निवडला.

त्यात ती अकरा मिनिटं मोठ्याने सांगायची होती, तीही वर्तमानकाळात. मी ‘दाबलं’ म्हणायचे, त्या शांतपणे ‘दाबते आहे’ म्हणून दुरुस्त करायच्या. सांगितलेलं ध्वनिमुद्रित करून घरी रोज ऐकायचं. पहिल्या आठवड्यात मला त्या बाईंचा राग यायचा. चौथ्या भेटीत सांगता सांगता मला अचानक फोनवरच्या मुलीचं एक वाक्य ऐकू आलं, जे तोवर आठवणीत नव्हतंच: ‘ताई, तुम्ही बरोबर करताय, थांबू नका.’ मग मी पहिल्यांदा त्या कट्‌कन वाजण्याबद्दल बोलले. मी पतींना शेवटच्या क्षणी दुखवलं, बरगडी मोडली, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, पुरेसा दाब दिला की मोठ्या माणसाच्या बरगड्यांना तडा जाणं नेहमीचंच आहे. तुम्ही हळू हाताने दाबलं असतं तर कदाचित आवाज झाला नसता आणि रक्तही पुढे गेलं नसतं. इतकी साधी माहिती. ती सात महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या दारातही कुणी देऊ शकलं असतं.

दहाव्या भेटीपर्यंत आकडे सुटले. आणि मग पती गेल्याचं दुःख सुरू झालं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

इथे एक-दोन गैरसमजांबद्दल लिहिते. ‘शोकाच्या पाच पायऱ्या’ (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांना पाठ असतात. मलाही ‘तू अजून रागाच्या पायरीवर आहेस’ असं ऐकवलं गेलं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. मला जास्त पटली ती मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शुट या शोकाच्या अभ्यासकांची १९९९ मधली मांडणी. माणूस दुःखात बुडणं आणि रोजच्या व्यवहाराला लागणं या दोहोंमध्ये येरझाऱ्या घालतो, आणि त्या येरझाऱ्या हेच सावरणं. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला हे न वाचताच येत होतं. तासभर खेळून घामाघूम येऊन तो विचारायचा, ‘बाबांना दुखलं असेल का गं?’ आणि उत्तर पुरं व्हायच्या आत पुन्हा बाहेर. त्याला फार दुःख झालेलं दिसत नाही, असं मोठी माणसं म्हणायची.

दुसरा गैरसमज मुदतीचा. ‘अजून किती दिवस?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. त्यात दीर्घकालीन शोकविकाराची वेगळी नोंद आहे आणि त्यासाठी निदान सहा महिने उलटलेले असावे लागतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने त्याच वर्षी प्रौढांसाठी एक वर्ष धरलं. म्हणजे तिसऱ्या महिन्यात रडणाऱ्या माणसाला आजारी ठरवू नये, आणि दोन वर्षांनीही ज्याला दिवस ढकलता येत नाही त्याला ‘होईल हळूहळू’ म्हणून परत पाठवू नये. एक अपवाद मात्र आहे. ‘मलाही जगायचं नाही’ असा विचार मनात आला, किंवा कुणी तसं बोललं, तर महिने मोजायचे नाहीत. त्याच दिवशी हेल्पलाइन किंवा तातडीचा विभाग गाठायचा, आणि तोवर त्या माणसाला एकटं ठेवायचं नाही. पाचव्या महिन्यात मी एकदा तसं बोलले होते. नणंद त्या रात्री माझ्या खोलीत जमिनीवर झोपली.

आता माझं म्हणणं. मदत शोधायचं काम आपण अशा माणसावर सोपवतो ज्याला त्या वेळी अर्जातला एक रकाना भरता येत नाही. हे असंच असायला हवं असं नाही. सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या दारातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, उघडलं. रुग्ण गेल्यावर त्याच्या घरच्यांकडे लक्ष देणं हे तिथल्या कामाचाच भाग मानलं गेलं. कॉलिन मरी पार्क्स या मनोविकारतज्ज्ञांनी त्यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवकांची व्यवस्था उभी केली. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या नियमांनुसार हॉस्पिसने मृत्यूनंतर वर्षभर कुटुंबासाठी अशी सेवा उपलब्ध ठेवायची असते. म्हणजे आपण फोन करायची वाट न पाहता तो तिकडून येऊ शकतो. पण हे सगळं, मृत्यू येणार हे आधी ठाऊक असलेल्या घरांसाठी. ज्या घरात तो अकरा मिनिटांत येतो, अपघातात येतो किंवा आत्महत्येने येतो, तिथल्या माणसांच्या हातात मृत्यूचा दाखला, वस्तूंची पिशवी आणि बिल पडतं. त्या पिशवीत एक कागद का नसावा? कुणाला फोन करायचा, पहिल्या महिन्यात काय काय होणं स्वाभाविक आहे, काय दिसलं तर वाट पाहायची नाही. आणि सहा आठवड्यांनी त्याच ठिकाणाहून एक फोन: झोप लागते का?

तो कागद येईपर्यंत हे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांचं, सहकाऱ्यांचं आहे. गेल्या महिन्यात माझ्या कार्यालयातल्या एकाचा भाऊ गेला. ‘काही लागलं तर सांग’ हे माझ्याही जिभेवर आलं होतं. ते गिळलं, वही काढली आणि जेवणाच्या सुट्टीत सहा फोन केले.

संपादक महाशय, आपणही त्या शेवटच्या ओळीऐवजी पुढच्या वेळी फोनवर काय बोलायचं ते छापावं. नणंदेने मला पुठ्ठ्यावर लिहून दिलेलं वाक्य असं: ‘माझ्या घरात अमुक महिन्यांपूर्वी अचानक मृत्यू झाला, तो माझ्यासमोर झाला, मला झोप येत नाही, आणि अशा प्रसंगांवर काम केलेल्या व्यक्तीची वेळ हवी आहे.’ आवाज फुटला तरी वाचून दाखवता येतं. पलीकडच्याला पुढे काही विचारावंही लागत नाही.

पत्र लांबलं आहे. जागा नसेल तर पायऱ्यांचं, मुदतीचं सगळं कापा, हे वाक्य तेवढं ठेवा.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)