आमच्या टेबलाची काळजी घेणाऱ्या कॅप्टनना

स. न. वि. वि.

पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात अजून साथ देत नाही. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुमच्या हॉटेलातल्या फाइन डाइनिंगमध्ये जेवायचं ठरलं, तेव्हा त्या काट्या-सुऱ्यांच्या रांगेपुढे ते अवघडून बसतील याचीच मला धास्ती होती. बुकिंगच्या वेळी फोनवर मी हे सांगून ठेवलं होतं. पुढे तुम्ही जे केलंत, ते चारचौघांना कळावं म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

आम्ही पोचलो तेव्हा बाबांच्या जागेची मांडणी आधीच बदललेली होती. पाण्याचा ग्लास एरवी उजवीकडे, सुरीच्या टोकाशी असतो. त्यांचा डावीकडे होता. काटा आणि चमचा दोन्ही डाव्या हाताला, आणि पाणीही तुम्ही त्याच बाजूने ओतलंत. कुणाला काही समजावून सांगितलं नाहीत.

मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की उजवं अंग लुळं पडतं आणि पुष्कळदा बोलणंही अडखळतं. बाबांचं तसंच झालं आहे. त्यामुळे बाहेर गेलं की लोक त्यांच्याबद्दलचे प्रश्न आम्हाला विचारतात. तुम्ही मेन्यू घेऊन त्यांच्याच बाजूला, त्यांच्या नजरेच्या उंचीवर आलात, दोनच पदार्थ सुचवलेत आणि थांबलात. शब्द जुळायला त्यांना वेळ लागला. तो तुम्ही त्यांना घेऊ दिलात, आणि आईने मध्ये बोलायला तोंड उघडलं तेव्हाही तुमची नजर बाबांवरच होती. त्यांनी स्वतःची ऑर्डर स्वतः दिली. आजारपणानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

मुख्य कोर्सला आमच्या सगळ्यांच्या प्लेट एकसारख्या दिसत होत्या. बाबांनी काटा लावला तेव्हा कळलं, की त्यांचा पदार्थ आतच घासाएवढा कापून पुन्हा जसाच्या तसा रचला होता. एरवी मी त्यांच्या प्लेटवर वाकून कापून देते आणि ते मान फिरवतात. त्या रात्री तशी वेळच आली नाही.

हे किती अवघड असतं याची मला थोडी कल्पना आहे. एस्कॉफिए या फ्रेंच शेफनी लष्करी शिस्तीवर बसवलेल्या स्वयंपाकघराच्या रचनेत प्रत्येक विभागाचं काम वेगळं असतं, आणि एका टेबलाच्या सगळ्या प्लेट तरीही एकाच वेळी, गरम असतानाच पासवर, म्हणजे तयार प्लेट वाढण्यासाठी ठेवतात त्या ओट्यावर, याव्या लागतात. ऑर्डरच्या तिकिटावर खुर्चीचा क्रमांक असतो, म्हणूनच कोणाचं काय हे न विचारता वाढता येतं. त्या क्रमांकापुढे तुम्ही टिपलेली सूचना आतल्या कुणीतरी गर्दीच्या वेळी मनावर घेतली.

बाबा सावकाश जेवतात. आमच्या प्लेट रिकाम्या झाल्या तरी त्यांचं होईपर्यंत तुम्ही एकही उचलली नाहीत आणि पुढचा कोर्सही लावू दिला नाहीत. त्यांना घाई झाली नाही. आईसुद्धा निवांत जेवली, हे मला विशेष वाटतं, कारण घरी तिचं लक्ष सतत त्यांच्या घासाकडे असतं.

तुमच्या मॅनेजरना मी वेगळं कळवलं आहेच. हे पत्र मात्र शेफना आणि ती प्लेट रचणाऱ्या व्यक्तीला जरूर वाचून दाखवा. त्यांना भेटून आभार मानायचे राहिले. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे, आणि पुढच्या वेळी तुमच्याच टेबलावर बसायचं असंही.

आपली कृतज्ञ,
त्यांची मुलगी